शकुनबाईंचे पाय

सुपातले तांदूळ अर्धेच निवडून शकुनबाई उठल्या आणि अंगणात फेऱ्या घालू लागल्या. ह्या माझ्या मोठ्या जाऊबाई. त्यांच्या किडन्या गेल्या आहेत. भंडाऱ्याला जाऊन मशीनवर रक्त धुवून घ्यावं लागतं. तेही त्यांनी सोसलं. सोसवत नाहीत ते पाय. जरा टेकले की आत मुंग्या चालू लागतात, आणि हलवल्याशिवाय थांबत नाहीत.

आमच्या एकोडी गावात त्यांच्या हातासारखी धानाची रोवणी कुणाची नव्हती. दिवसभर चिखलात वाकायचं आणि संध्याकाळी देवळात भजनाला मांडी घालून बसायचं. बसल्या जागी कुणी पाय हलवला की डोळे वटारायच्या, लक्ष्मी जाते म्हणून. मग भजनात त्यांचेच पाय हलू लागले. बायकांनी एकमेकींकडे पाहिलं, तेव्हापासून त्यांचं देऊळ सुटलं.

मशीनवर चार तास पडून राहायचं असतं. ह्या अर्ध्यातच सुया काढायला लावायच्या, घरी काम आहे म्हणायच्या. पायांचं सांगायची लाज. खोडीला कुठं औषध असतं, असं त्यांना वाटे. अंगावर सूज चढली, दम लागू लागला, तेव्हा मीच डॉक्टरांना सांगितलं. ते म्हणाले, ही खोड नाही, ह्या आजारात असं होतं. गोळी दिली. थोडे दिवस गुण आला, मग पुन्हा तेच. आता दुसरी गोळी पाहू म्हणतात, पण चार तास पुरे कराच.

त्यांचे नवरे केशवराव भाऊजी थट्टेनं म्हणाले, "तुले तिथं निजाले पाठवतो, नाचाले नाई." एरवी त्या हसल्या असत्या. काल त्यांनी सिस्टरला पाय खाटेला बांधायला सांगितले. तिनं ऐकलं नाही.

आज पूजा झाल्यावर देवीचा अंगारा मी त्यांच्या पोटऱ्यांना लावत होते. त्यांनी माझा हात धरला.

"शालू, माह्या पायासाठी देवीले आता काई मागू नको."

"काहून, बाई?"

"मी आता मशीनवर नाई जात."

"मशीन सोडली तर..."

"मले मालूम आहे."

भाऊजींनी हात जोडले. मी देवीची शपथ घातली. त्या फेऱ्या घालत ऐकत राहिल्या. आम्ही कुणी जेवलो नाही.

उद्या सकाळच्या गाडीनं शकुनबाई भंडाऱ्याला जाणार आहेत, मशीनवरची माझी पाळी दुसऱ्या कुणाला द्या, एवढं सांगायला.