सहा मिलीमीटर

हे लिहू की नको, असं बरेच दिवस मनात चाललं होतं. गोष्ट तशी छोटी आहे. पण आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच, त्यामुळे तिथल्या छोट्या गोष्टीही मला मोठ्या वाटतात.

मी कराडला सिव्हिल इंजिनिअरिंगला आहे. पप्पा सांगलीत गवंडीकाम करतात. भिंत ओळंब्यात नसली तर मालकाच्या आधी त्यांनाच ते दिसतं, आणि ते मुकाट्यानं थर उतरवायला घेतात.

दुसऱ्या वर्षी आम्हाला लेव्हलिंगचं प्रॅक्टिकल होतं. एका दगडापासून निघायचं, यंत्रातून पट्टीवरचे आकडे वाचत जमिनीची उंची मोजायची आणि फिरून त्याच दगडाशी यायचं. शेवटची उंची पहिलीशी जुळावी लागते. थोडा फरक राहतोच, तो वहीत लिहायचा. आम्ही तिघी होतो. अर्ध्यावरच ऊन सोसेना. मग कॅन्टीनमध्ये बसून उरलेले आकडे आम्ही उलटं गणित करून भरले. माझं अक्षर बरं, म्हणून वही माझ्याकडे. फरक आला शून्य.

सरांनी ती वही वर्गात सगळ्यांना दाखवली आणि सर्व्हे कॅम्पसाठी गटप्रमुख म्हणून माझं नाव घेतलं. मी खाली बघून हसले. त्या हसण्याचीच मला नंतर जास्त लाज वाटली.

पुढचा रविवार महिन्यातला पहिला, म्हणजे सांगलीतल्या आमच्या चर्चमध्ये प्रभुभोजनाचा: पाळक प्रार्थना करतात आणि येशूच्या आठवणीची भाकर ताटातून बाकाबाकावर फिरते. मनात काही सलत असेल तर भाकर न घेता ताट पुढं द्यायचं आणि इतरांनी काही विचारायचं नाही, अशी आमच्या मंडळीची रीत आहे. ताट आलं. मी ते पुढं दिलं. पप्पा पलीकडच्या बाकावर होते, त्यांनी पाहिलं. कराडच्या एस.टी.साठी स्टँडवर सोडताना गाडी बंद न करताच ते म्हणाले, "ज्येला सांगायचं त्येला सांग. मला नगं."

सोमवारी मी आधी गटातल्या दोघी मैत्रिणींना सांगितलं, की सरांना खरं काय ते सांगणार आहे.

"पाळकीणबाई झालीस व्हय गं?" एकजण म्हणाली. "सगळा वर्ग असंच करतोय."

"आणि आमचं मार्क?" दुसरीनं विचारलं.

"तुमचं नाव न्हाई घेणार," मी म्हणाले.

मग मी सरांकडे गेले. सांगितलं, की निम्मे आकडे मोजलेले नाहीत, मी बसून लिहिलेत.

"गटात तिघी होता ना?"

"वही मी लिहिली, सर."

सरांनी वही चाळली. मग ती बाजूला ठेवून म्हणाले, "शनिवारी पुन्हा करा. गटप्रमुख दुसरं कुणी होईल."

वाईट वाटलं, नाही कसं म्हणू. आणि अडचण वेगळीच होती. हे काम एकटीनं होत नाही. एकीनं यंत्रातून बघायचं, दुसरीनं पट्टी धरायची. शनिवारी गेले तर मला पाळकीणबाई म्हणणारी आधीच येऊन बसली होती, डोक्याला ओढणी गुंडाळून. "लवकर आटप," म्हणाली, "मला काय तुझ्यासारखं सर्गात जायचं न्हाई." थोड्या वेळानं दुसरीही पाण्याची बाटली घेऊन आली.

आम्ही एकही आकडा सोडला नाही. फरक आला सहा मिलीमीटर. मी तो तसाच लिहिला, ठळक.

पुढच्या महिन्यात ताट आलं तेव्हा मी भाकर घेतली. उपासना संपल्यावर पप्पांना सगळं सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, "सहा मिलीमीटर म्हंजे किती?"

मी बोटाच्या पेरावर नखानं दाखवलं. त्यांनी ते बोट धरून नीट पाहिलं.

"माज्या भिंतीत यवढं चालत न्हाई," ते म्हणाले. मग बाहेर चपला घालणाऱ्या पाळकांना त्यांनी हाक मारली. "आवं पाळकसायेब, जरा हिकडं या. पोरगी काय सांगतीय ऐका."