एकतिसावा दिवस

बुधवारी सकाळी ऑफिसात पोचून कोट काढतेय तोच मृणालचा व्हिडिओ आला. नागपुरात संध्याकाळ होती आणि तिला हळद लागत होती. खाली लिहिलं होतं, ‘नीलाताई, उद्या अकरा वीसचा मुहूर्त. आशीर्वाद द्या.’

मी मनाशी दिवस मोजले. मग बोटांवर मोजले. मग भिंतीवरच्या कॅलेंडरसमोर जाऊन एकेका चौकोनावर पेन टेकवत मोजले. तिन्ही वेळा उत्तर शुक्रवार आलं. आणि मुहूर्त गुरुवारचा होता.

मी कॅनडात, मिसिसागातल्या एका वकिलांच्या ऑफिसात लॉ क्लर्क आहे. म्हणजे वकील कोर्टात बोलतात आणि त्याआधीचे आणि नंतरचे कागद मी सांभाळते. बावीस वर्षं बहुतेक घटस्फोटच. लोकांना वाटतं, जजनी सही केली की संपलं. तसं नसतं. ऑर्डर निघाल्यानंतर एकतिसाव्या दिवशी घटस्फोट लागू होतो. मधला महिना अपीलसाठी असतो. तोवर कायद्याच्या लेखी तुम्ही नवराबायकोच, मग एकमेकांचं तोंडही बघत नसलात तरी.

मृणाल लंडनला, म्हणजे आमच्या ओंटारिओतल्या लंडनला, हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करते. चार वर्षं ती आमच्याकडे खेटे घालत होती. ऑर्डर निघाली तो मंगळवार होता. ऑफिसचा नियम असा की क्लायंटला तारीख ईमेलनेच कळवायची, इंग्रजीत, बॉसला दाखवून. पण पोरगी फोनवर रडायला लागली आणि मी शहाणीने व्हॉट्सॲपवर लिहून टाकलं, ‘आता रडू नकोस. एकतिसाव्या दिवशी तू मोकळी.’ ऑफिसचा ईमेल मग ड्राफ्टमध्येच पडून राहिला. तिने काय करावं? आईला फॉरवर्ड केलं. आईने गुरुजींना दाखवलं.

आपल्याकडे बारसं बाराव्या दिवशी, तेरावं तेराव्या दिवशी, आणि मोजताना पहिला दिवस धरायचाच. त्यांनी मंगळवार धरून मोजलं आणि गुरुवार काढला. त्यांचं काही चुकलं नाही. कोर्ट मात्र ऑर्डरचा दिवस धरत नाही, दुसऱ्या दिवसापासून मोजतं. हे मला बावीस वर्षं माहीत होतं आणि लिहायला मी विसरले.

अँजेला, माझी बॉस, केबिनमध्ये होती. आत जायच्या आधी मी वॉशरूममध्ये जाऊन तोंडावर पाणी मारलं. नोकरी जाईल ही भीती होतीच, खोटं कशाला बोलू. पण त्याहून मोठी भीती त्या पोरीची होती. गुरुवारी लग्न लागलं तर ते कॅनडात लग्नच नाही. संजयला, म्हणजे नव्या नवऱ्याला, ती कॅनडात बोलावून घेण्यासाठी स्पॉन्सर करणार होती. तो अर्ज बाद. शिवाय एक नवरा असताना दुसरं लग्न केलं हा डाग, तो वेगळाच.

अँजेलाने सगळं ऐकून घेतलं. ओरडली नाही. ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

“थर्सडे नाही,” ती म्हणाली. “आणि फ्रायडे म्हणजे आपला फ्रायडे, त्यांचा नाही. सॅटर्डे करायला सांग.”

मुदत कमी करून घेता येत नाही का, मी विचारलं. येते, अँजेला म्हणाली, पण त्याला खास कारण लागतं आणि अपील करणार नाही असं दोघांनी लिहून द्यावं लागतं. निखिल, मृणालचा पहिला नवरा, नॉर्थ यॉर्कला असतो. ऑर्डर निघाली त्या दिवशी तो तिला म्हणाला होता, “अजून एक महिना आहे माझ्या हातात.” त्याच्या दारात सही मागायला कोण जाणार? उलट त्याला आठवण करून दिल्यासारखं झालं असतं.

मी नागपूरला फोन लावला. मृणालच्या आईने उचलला. मी सांगितलं तशी ती माउली म्हणाली, हळद लागलीय, दीडशे पानं उठायचीत, आणि नातेवाइकांना तर मी घटस्फोट दोन वर्षांपूर्वीच झाला म्हणून सांगितलंय. आता कोणत्या तोंडाने सांगू? तेवढ्यात फोन मृणालने घेतला.

“उद्याच केलं तर काय होईल, ताई?”

“उद्या तू अजून निखिलची बायको आहेस.”

पलीकडे ढोलकी वाजत होती, कुणीतरी हसत होतं. मृणाल म्हणाली की संजयच्या वडिलांशी ती स्वतः बोलेल. तासाभराने तिचा फोन आला. सासऱ्यांनी सगळं ऐकलं आणि एवढंच म्हटलं की लपवायला नको होतं, पण एका दिवसासाठी सून गमावणार नाही. गुरुवारचं जेवण ठरल्याप्रमाणे होणार, लग्न दुसऱ्या दिवशी घरी. गुरुजींनी शुक्रवारी सकाळी आठचा मुहूर्त दिला होता.

मी पुन्हा घड्याळाचा हिशेब मांडला. नागपूरला शुक्रवारी सकाळचे आठ, म्हणजे इथे गुरुवारी रात्रीचे साडेदहा. नाही चालणार. शनिवारी करा म्हटलं, तर त्या दिवशी मुहूर्तच नाही. शेवटी गोरज मुहूर्त ठरला, संध्याकाळी साडेसहा. म्हणजे आमचे शुक्रवारचे सकाळचे नऊ.

एक भीती उरलीच. निखिलने शेवटच्या दिवशी, म्हणजे गुरुवारी, अपील टाकलं, तर नोटीस शुक्रवारी सकाळीही आमच्याच ईमेलवर येऊ शकत होती. मी मृणालच्या आईला सांगून ठेवलं, माझा फोन आला तर अंतरपाट धरू नका. ती रडली असावी. मला विचारायचा धीर झाला नाही.

शुक्रवारी मी आठलाच ऑफिसात होते. अँजेलाही आली, माझ्यासाठी कॉफी घेऊन. दोघी एका स्क्रीनसमोर बसलो. आठ पन्नासला ईमेल पडला. निखिलच्या वकिलाचा.

देवाशप्पथ, मला तो उघडवेना. अँजेलाने उघडला. मृणालचे फोटो अल्बम आणि डिग्रीची सर्टिफिकेट्स अजून निखिलच्या घरी आहेत, ती कुठल्या पत्त्यावर पाठवायची, एवढंच त्यात होतं. मी डोकं टेबलावर टेकवलं आणि रडले. माझ्या वयाला शोभत नाही, पण रडले.

सव्वानऊला मृणालच्या आईचा फोन आला. अक्षता पडल्या होत्या.

वाटलं, सुटलो. पण काही महिन्यांनी इमिग्रेशन ऑफिसरचं पत्र आलं. घटस्फोट लागू झाल्याची आणि लग्नाची तारीख एकच कशी, आधी काय झालं, पुराव्यासह कळवा. आम्ही लग्नाची वेळ, तिथला आणि इथला फरक, गुरुजींचं पत्र, सगळं जोडून पाठवलं. उत्तर यायला सात आठवडे लागले. मृणालने त्या काळात मला एकदाही फोन केला नाही. मीही केला नाही.

संजयला व्हिसा मिळाला. माझी नोकरी राहिली, फक्त क्लायंटला व्हॉट्सॲप करायची मला बंदी आहे, आणि ती योग्यच आहे. आता कुणाची ऑर्डर निघाली की मी दिवस मोजून देतच नाही. घटस्फोटाचं सर्टिफिकेट आपल्या हातात पडू दे, मगच गुरुजींकडे जा, असं सांगते. लोकांना राग येतो. येऊ दे.