ओठ हलत होते

खरं सांगते, मला तिचा हेवा वाटायचा, आणि तो मी फारसा लपवलाही नाही. रेवदंड्याच्या त्या बारा खाटांच्या खाजगी दवाखान्यात मी तिच्या चार वर्षं आधी नर्स म्हणून लागलेली. पण पेशंट आत आला की विचारणार, "ती दुसरी सिस्टर न्हाय का आज?" ती दुसरी म्हणजे खाडीपलीकडच्या गावातली ख्रिश्चन मुलगी. म्हाताऱ्या माणसांच्या हातातली शीर तिला पहिल्याच टोचणीत सापडायची. मी तीनदा टोचून हात काळानिळा करायची, आणि मग तिलाच हाक मारावी लागायची. ती यायची आणि हळूच म्हणायची, "ताई, तुम्ही हात धरा, मी बघते." वर ताई! माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

तिचा रविवार तर माझ्या डोळ्यांत खुपायचा. सकाळी चर्च, म्हणून डॉक्टर तिला दुपारची ड्युटी देत. त्याच्या बदल्यात गणपतीत आम्ही सगळ्या आपापल्या घरी मोदक वळत असायचो आणि ती एकटी वॉर्ड सांभाळायची. पण ते मी कधी मोजलंच नाही. मला दिसायचं ते एवढंच, की मी सकाळपासून बेडपॅन उचलतेय आणि बाईसाहेब दुपारी न्हाऊनमाखून, देवाला भेटून येतायत. त्यात आमच्या मोठ्या सिस्टर निवृत्त होणार होत्या. त्यांची जागा आमच्या दोघींपैकी एकीला मिळणार, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. आणि ती कोणाला मिळणार, हेही.

अशात चौलचे एक नारळी-पोफळीची वाडी असलेले आजोबा फुफ्फुसाच्या आजाराने भरती झाले. एका सकाळी मी ट्रे घेऊन त्यांच्या खोलीच्या दारात पोचले. ती स्टुलावर बसलेली. आजोबांचं मनगट तिच्या हातात, नजर त्यांच्या छातीवर, आणि ओठ हलतायत. श्वास मोजत होती. नर्सला हे सांगावं लागत नाही. पण माझ्या मागे आजोबांचा मुंबईहून आलेला मुलगा उभा होता.

"ही काय पुटपुटतेय?" त्याने मला विचारलं.

'श्वास मोजतेय' एवढे दोनच शब्द होते. मी म्हटलं, "तिलाच विचारा."

दुपारपर्यंत तो आणखी दोघांना घेऊन डॉक्टरांच्या केबिनमध्ये बसला होता. आमच्या वडिलांवर प्रार्थना म्हणतेय, शुद्धीत नसलेल्या माणसाला बाटवतेय, हे आम्ही खपवून घेणार नाही, वगैरे. डॉक्टरांनी आम्हा दोघींना बोलावलं. ती शांतपणे म्हणाली, "मी श्वास मोजत होते. बत्तीस भरले. चार्टवर लिहिलेत."

"मोजायला ओठ कशाला हलवावे लागतात?" मुलगा म्हणाला.

डॉक्टर माझ्याकडे वळले. "तुम्ही तिथेच होतात. काय पाहिलंत?"

"ओठ हलत होते," मी म्हटलं.

"मोजत होती ना?"

"ते मी कसं सांगू? मला काही ऐकू आलं नाही."

एकही शब्द खोटा नव्हता. म्हणून तर मला ते इतकं सहज बोलता आलं. डॉक्टर वाईट माणूस नव्हते, पण त्यांना त्याच गावात दवाखाना चालवायचा होता. त्यांनी तिला थोडे दिवस घरी राहायला सांगितलं. हे थोडे दिवस कधी संपत नाहीत हे केबिनमधल्या सगळ्यांना ठाऊक होतं, तिलाही. ती वाद घालेल, रडेल, निदान माझ्याकडे एकदा रागाने बघेल, असं मला वाटलं होतं. तिने त्यातलं काहीच केलं नाही.

उलट जाण्याआधी तिने मला एकेका खाटेपाशी नेऊन सगळं समजावून सांगितलं. कोणाला कुठली गोळी चालत नाही, कोण औषध उशीखाली लपवतं. आजोबांपाशी आल्यावर म्हणाली, "यांचे श्वास पूर्ण मिनिटभर मोजा. मधेच थांबतात." मग आवाज जराही न चढवता म्हणाली, "ताई, मोजताना तुमचेपण ओठ हलतात. मी खूपदा बघितलंय. पण तुम्हाला कोणी काही विचारणार नाही."

ती पिशवी घेऊन गेली. तिच्यासारखं जाणं मला जमलं नसतं, आणि त्याचाही मला हेवाच वाटला.

मी स्टुलावर बसले. आजोबांचं मनगट धरलं, नजर छातीवर लावली आणि मोजायला लागले. ओठ घट्ट मिटून पाहिले, तर आकडाच चुकला. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. ओठ हलू दिले. मुलगा खाटेच्या पलीकडे उभा राहून माझ्या तोंडाकडेच बघत होता. साठ सेकंद पूर्ण होईपर्यंत तो थांबला.

मग म्हणाला, "सिस्टर, तुमच्यासाठी चहा सांगू का?"