ताई तिथे जेवली होती

ताईला पहिली फिट आली ती आमच्या ओट्यावर, भरदिवसा. माझी थोरली बहीण, कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला. दातखीळ बसलेली, हातपाय ताठ, तोंडाला फेस. अप्पांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, पायातली चप्पल काढून तिच्या नाकाला लावली. शेणाचिखलातून आलेली चप्पल. तेव्हा कुणाला विटाळ झाला नाही. विटाळ झाला तो डॉक्टरांच्या एका शब्दाने.

डॉक्टरांनी मेंदूचा फोटो उजेडात धरला. "इथे गाठ आहे बघा. डुकरात असतो त्या जंताची." बस्स! पुढचं अप्पांनी ऐकलंच नाही. मी ऐकलं, मी शेजारीच होते. ज्याच्या पोटात तो जंत असतो, त्याच्या शौचातून अंडी मातीत जातात, मातीतून भाजीवर, न धुतलेल्या भाजीतून दुसऱ्याच्या पोटात. डुक्कर कधी न खाल्लेल्यालाही होतं. औषधाने बरं होतं. पण फिटची गोळी एक दिवसही चुकवायची नाही, आणि आपल्या मनाने बंद तर मुळीच करायची नाही. इतकं सोपं करून सांगितलं होतं हो त्या माणसाने.

"आमना घरमा अंडं बी येत नही," अप्पा उठतच म्हणाले, "आनि डुक्कर?" आमच्या अख्ख्या कळसाडी गावात मान ताठ ठेवून चालणारा माणूस. बाहेरची बाधा आहे म्हटलं असतं, तर मुकाट ऐकलं असतं, वर नारळ फोडला असता.

घरी आल्यावर त्यांनी मला समोर उभं केलं. ताईची नंदुरबारच्या होस्टेलमधली मैत्रीण चिंचपाड्याकडची, ख्रिस्ती घरातली. "खरं सांग. हाई तेसना घर जेवनी व्हती का?"

ताईने ते मला विश्वासाने सांगितलं होतं. नागलीची भाकर आणि तुरीची डाळ, एवढंच. पण मी बारावीतली, महाघाबरट. "हो, जेवली होती," म्हणाले. काय जेवली ते कुणी विचारलं नाही, आणि मीही गप्प बसले. आग लागो माझ्या जिभेला.

त्या दिवसापासून ताईचं ताट वेगळं झालं. आणलेल्या गोळ्या होत्या तोवर तिला फिट आली नाही. तर अप्पा म्हणाले, बरी झाली, आता गोळ्या कशाला? पाप पोटात गेलंय, ते उपासाने निघेल. सोमवार, गुरुवार, एकादशी. पोर वाळून गेली. मैत्रीण बिचारी नंदुरबारहून गोळ्या घेऊन आली, तर तिला मजुरांच्या पेल्यातून पाणी दिलं आणि गोळ्यांसकट फाटकातूनच परत पाठवलं. ताई मला एवढंच म्हणाली, "डाळ होती, सांगायचं ना गं." आज सांगते, उद्या सांगते, असं मी करत राहिले.

गोळ्या बंद झाल्याच्या तिसऱ्या आठवड्यात, कापसाच्या शेतात ती पाटावर हात धुवायला वाकली आणि तिथेच फिट आली. पाटात पाणी वीतभर. ती पालथी पडली होती. आम्ही धावत गेलो तोवर सगळं संपलं होतं.

दोन वर्षांनी मला फिट आली. डॉक्टर दुसरे, गाठ तीच, बोलणंही तेच. 'डुक्कर' म्हणाले तेव्हा मी अप्पांकडे पाहिलं. त्यांनी मान खाली घातली. मी चिंचपाड्याला कधी पाऊलसुद्धा ठेवलेलं नव्हतं. मी खाल्लं होतं ते आमच्याच मळ्यातलं. नाल्याकाठचा मुळा उपटायचा, ओढणीला पुसायचा, आणि ताईने नि मी अर्धा अर्धा खायचा. घरंदाज, शुद्ध शाकाहारी मुळा!

आता रोज सकाळी अप्पा स्वतः गोळी तळहातावर घेऊन येतात. एक दिवस चुकलेला नाही. माझं ताट कुणी वेगळं केलं नाही. मला त्याचाच जास्त राग येतो.

परवा गोळी तोंडात टाकता टाकता मी बोलून गेले, "अप्पा, ताईने तिथे नुसती डाळ-भाकर खाल्ली होती."

त्यांनी हातातलं पाणी खाली ठेवलं. मग म्हणाले, "तवय काबर नही सांगं?"

तुम्ही विचारलंत कुठे, असं मला ओरडायचं होतं. पण ताईला न मिळालेली गोळी माझ्या तोंडात होती. मी ती गिळली.