मेल्यावर इंग्रजी नको

मी ख्रिस्ती आहे म्हटलं की समोरच्याची नजर बदलते. क्रांती चौकातल्या वह्या-पुस्तकवाल्यानं तर सरळ गळच घातली, "सर, पोराला इंग्रजी शिकवा ना. तुमची तर घरचीच भाषा." मी शाळेत जन्मभर मराठी शिकवलं. हे त्याला सांगूनही झालं होतं. तरी तुणतुणं तेच!

घरची भाषा ऐकायची तर आमच्याकडं सकाळी यायला हवं होतं. माझी आई वेरूळकडच्या खेड्यातली. मागच्या अंगणात ज्वारी निवडता निवडताच ती प्रार्थना करायची. हात जोडणं नाही, डोळे मिटणं नाही. सूप हलवत, मोठ्यानं. "गुडघा लई दुखतोय बाबा. पोराला जरा अक्कल येऊ दे. आजचा दिवस निभू दे." पोरगा म्हणजे मी, पन्नाशी उलटलेला. भिंतीपल्याड शेजारणीच्या शेळ्या ओरडत असायच्या, तिकडं आईचं लक्ष नसे.

शेवटच्या दुखण्यात तिनं मला जवळ बसवलं. "माझी माती मराठीत कर. ते विंग्रजी नको."

"तेव्हा तुला काय कळणार आहे, आई?"

"तेच तर! जितेपणी कळलं नाय, मेल्यावर कळंल व्हय?"

मी शब्द दिला.

ती गेली तेव्हा नेमके आमच्या चर्चचे पाळक परगावी. ऐनवेळी मिळाले ते केरळकडचे, तरुण, भला माणूस. पण मराठीच्या नावानं बोंब. त्यात पुण्याहून माझा भाचा आला. घरचं झालं थोडं, व्याह्यानं धाडलं घोडं! "मामा, इंग्रजीत कसं भारदस्त वाटतं," म्हणाला. याच आजीच्या मांडीवर बसून मराठीत हट्ट करणारं हे पोर. असा संताप आला!

छावणीतल्या कबरस्तानात त्यानं पाळकांच्या हाती इंग्रजी पुस्तक दिलंसुद्धा. त्यांनी पहिलं वाक्य वाचलं आणि मी सगळ्यांदेखत ते पुस्तक मिटवलं.

"हिला कळत नाही हे," मी म्हणालो.

"मामा, आजी गेलीय," भाचा कुजबुजला.

"म्हणूनच!" मी ओरडलो.

पाळक बिचारे बाजूला झाले. "आप पढ़िए," म्हणाले. सोबत आणलेल्या आईच्या मराठी पुस्तकातून मीच प्रार्थना वाचली. राग आवरत नव्हता, नंतर रडूही आवरेना. कशीबशी संपवली आणि माती लोटली.

फाटकाशी शेजारीण उभी होती. तीच, भिंतीपल्याडची शेळ्यांवाली. दर नाताळात आईच्या करंज्या सगळ्यांच्या आधी तिच्या घरी जायच्या. डोळे पुसत म्हणाली, "मास्तर, तुमच्या देवाला मराठी येतं व्हय?"

मी कपाळावर हात मारला. इतक्या वर्षांचा शेजार, आणि हिलाही हेच वाटावं! "अहो मावशी, मग आई रोज सकाळी कुणाशी बोलायची?"

ती गोंधळली. "मला वाटायचं, माझ्याशीच बोलतीया. मी आपली पल्याडनं म्हणायची, व्हय बाई, निभंल."

ते 'व्हय' मीही रोज ऐकलं होतं. ते आलं की आई हळूच आमेन म्हणून सूप बाजूला ठेवायची.

शेजारणीनं पदर तोंडाला लावला. "आता उद्या सकाळच्याला म्या कुणाला व्हय म्हणू?"