सरकारजमा वाती

"वात वळताना बोलू नये, मथू. मोजणी चुकते."

द्वारकाआत्याचा आवाज. आज एकादशी. दिवसा झोपायचं नाही हा माझा नेम, त्यामुळे मी झोपलेली नाही. माळ हातात घेऊन भिंतीला टेकले आहे, इतकंच. आत्याला जाऊन तीस वर्षं झाली.

ती देवघरात बसली आहे. मी समईची वात सारायला वाकते, तर समईभोवती कठडा आहे, पाटावर टोप घातलेला जज्ज आहे आणि आत्या आरोपीच्या पिंजऱ्यात उभी. म्हणजे महायुद्धाच्या आदल्या वर्षीचा तो खटला. तिचा जर्मन भाडेकरू बंदरातल्या बोटींचे फोटो बाहेर पाठवताना पकडला गेला, आणि घराच्या झडतीत आत्यानं बहिणीला लिहिलेलं कार्ड सापडलं: 'वाती तयार. पौर्णिमेला देवळात पेटवू.' दुभाष्यानं भाषांतरात त्यांच्या सुरुंगाच्या वाती केल्या आणि देऊळही उडवून टाकलं.

"खरंच हेर होता का गं तो?" मी हळूच विचारते.

"होता की. पण वाती एकसारख्या वळायचा मेला."

तो शेजारच्या पिंजऱ्यात मांडीवर वाती वळतोच आहे. सात वर्षांची शिक्षा ऐकूनही हात थांबत नाही.

जज्ज पुरावा बघायचा म्हणतो. वातींच्या पुडक्याचं लाखेचं सील मीच नखानं फोडते. एक वात तुपात भिजवून पेटवतात. फौजदार टेबलाखाली जातो. वात आपली शांत जळत राहते. जज्जाला जांभई येते, आत्या सुटते. उरलेल्या वाती मात्र पुन्हा सील होऊन सरकारजमा.

आता आम्ही बंदराच्या धक्क्यावर, पाय पाण्यात. पाण्याला तुपाचा वास. आत्याचा चेहरा उतरलेला. लाख वाती बोललेली बाई. नव्व्याण्णव हजार देवापुढे लावून झाल्या होत्या, शेवटच्या हजार कोर्टानं खाल्ल्या. नेम तसाच अर्धवट ठेवून गेली.

"कोर्टात जळली ती धरायची का गं? देवापुढे नव्हती. पण सोडवलं तिनंच मला."

मला शास्त्र ठाऊक नाही. "नको धरूया, आत्या. मी पुऱ्या हजार वळते."

"एकादशीचा शब्द आहे हां."

जाग येते. अंगठ्याच्या नखात लाल लाख. धुतली तरी निघत नाही.

मी कापसाचा डबा पुढे ओढते. सूनबाई दारातून विचारते, "आई, डोळा लागला होता का?"

वात वळताना बोलायचं नसतं, ते किती बरं. मी मान खाली घालून पहिली वळायला घेते.