ओकारीची वाट पाहताना

शेजारच्या क्वार्टरमधली बाई रोज सकाळी मागच्या मोरीत ओकायची आणि मी भिंतीला कान लावून ऐकायचे. लोणावळ्याच्या त्या रेल्वे क्वार्टर्समध्ये दोन घरांत मिळून एकच भिंत होती, त्यामुळे कान लावायची गरज नव्हती; तरी मी लावायचे. तिला तिसरा महिना होता. माझाही दुसरा संपत आला होता. ती चूळ भरून, कण्हत आत गेली की मी तांब्या घेऊन माझ्या मोरीपाशी उभी राहायचे. काही व्हायचं नाही. उलट भूक कडकडून लागलेली असायची.

"तुम्ही नशीबवान हो बाई," ती मला म्हणायची. "मला पाण्याचासुद्धा वास येतो."

मी नुसती हसायचे.

पानशेत फुटलं त्याच्या तिसऱ्या वर्षीचा हा पावसाळा. मी नगरपालिकेच्या शाळेत चौथीला शिकवत होते. हे रेल्वेच्या सिग्नल खात्यात होते. लग्नाला अकरा वर्षं झाली होती. दुसऱ्याच वर्षी मला दिवस गेले होते आणि तेव्हा मी इतकी ओकले होते की चुलीवर भाताला उकळी आली तरी घराबाहेर पळायचे. मग एके दिवशी सकाळी उठले तर मळमळ नाही. अंग कसं हलकं झालेलं. त्या दिवशी मी लसणाच्या चटणीबरोबर दोन भाकरी खाल्ल्या आणि सगळ्यांना बरं वाटलं. चौथ्या दिवशी अंगावरून जायला लागलं. संध्याकाळपर्यंत सगळं संपलं. पुढची नऊ वर्षं काहीच नाही. पण तेव्हापासून माझ्या मनानं एक गोष्ट पक्की धरली होती: ओकारी थांबली की मूल गेलं.

मधल्या वर्षांत माझी पाळी चार-चार महिने यायची नाही. हनुवटीवर राठ केस उगवायचे, ते मी चिमट्यानं उपटायचे आणि कुणाला सांगायचे नाही. शेवटी यांनी मला पुण्याला एका डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी पहिल्याच भेटीत माझ्या हनुवटीला बोट लावून विचारलं, "हे कधीपासून?" मला रडूच आलं.

तपासण्या झाल्यावर त्यांनी कागदावर चित्र काढून दाखवलं. "मूत्रपिंडांच्या डोक्यावर या दोन छोट्या ग्रंथी असतात. तुमच्या ग्रंथी नको तो रस जास्त करतात. ही गोळी त्यांना गप्प बसवील. स्टेरॉईड म्हणतात हिला. रोज घ्यायची. एक दिवससुद्धा चुकवायची नाही."

छोटीशी पांढरी गोळी, पण जिभेवर ठेवली की कडूजहर. वर्षभरात पाळी महिन्याच्या महिन्याला यायला लागली. गाल जरा गोल झाले. आणि मग ज्येष्ठात पाळी चुकली.

तेव्हा खात्री करायची तर लघवी पुण्याला पाठवावी लागे. तिथे ती बेडकाला टोचत आणि काय ते ओळखत. यांनी माझी बाटली वर्तमानपत्रात गुंडाळून डब्याच्या पिशवीतून पॅसेंजरनं नेली. संध्याकाळी परत आले ते दारातच हसत उभे राहिले. "बेडूक हो म्हणाला," म्हणाले.

सासूबाई गावाकडून, आंबीहून, माझ्या मदतीला येऊन राहिल्या होत्या. त्यांना मी आत्या म्हणायचे. त्यांनी लुगड्याच्या पदराला हात पुसत विचारलं, "बेडकाला काय कळतंय रं बाईमाणसाचं?"

मला वाटलं, बरोबर आहे. बेडकाला काय कळतं.

डॉक्टरीणबाईंनी गोळी चालूच ठेवायला सांगितली होती. मी घेत होते. पण दिवसांमागून दिवस गेले आणि मळमळ म्हणून आली नाही. मी वास घेत हिंडायला लागले. स्टोव्हच्या टाकीचं झाकण उघडून रॉकेल हुंगायचं. बाजारात मुद्दाम सुक्या बोंबलांच्या टोपलीजवळ जाऊन उभं राहायचं. चिक्कीच्या भट्टीसमोर, जिथे गुळाचा पाक उकळत असतो, तिथून दोनदा जायचं. सगळे वास नुसते वास होते. बोंबलांनी तर तोंडाला पाणी सुटलं.

घरात बसवत नसे. शाळा सुटली की छत्री घेऊन भुशीच्या रस्त्यानं चालत सुटायचे. धुक्यात दहा पावलांपुढचं दिसायचं नाही. चालता चालता छाती दाबून बघायचे, दुखते का. काल दुखत होती, आज कमी का? की कालही नव्हतीच दुखत? अर्ध्या वाटेवर वाटायचं, इतकं चालणं बरं नाही, आणि परत फिरायचे. घरी आल्यावर वाटायचं, अजून थोडं चालायला हवं होतं.

शेजारणीनं एकदा आत्यांना सुचवलं, "कार्ल्याच्या देवीला काही बोला की."

"आमी न्हाई बोलत आता नवस," आत्या म्हणाल्या. आम्ही धम्म घेतला त्याला आठ वर्षं झाली होती आणि आत्यांनी देव्हारा उचलला तो मागे वळून पाहिलं नाही. मलाही परत तिकडे जायचं नव्हतं. पण त्या दिवसांत मला शेजारणीचा हेवा वाटला, तिच्या ओकाऱ्यांचा आणि तिच्या देवीचा. तिला कुणाला तरी काहीतरी कबूल करता येत होतं. माझ्यापुढे फक्त गोळ्यांची बाटली होती.

त्या बाटलीकडे बघता बघताच माझ्या डोक्यात शिरलं. ही गोळी ग्रंथींना गप्प बसवते, तशी मळमळीलाही गप्प बसवत असेल का? तसं असेल तर मूल ठीक आहे. तसं नसेल तर मूल केव्हाच गेलंय आणि मी रिकामं पोट घेऊन हिंडतेय. हे कळायला एकच उपाय मला दिसत होता. पत्र टाकून डॉक्टरीणबाईंना विचारता आलं असतं. उत्तर यायला आठवडा लागला असता. आठवडाभर थांबणं मला शक्य नव्हतं.

मी गोळी बंद केली. यांना सांगितलं नाही, आत्यांना सांगितलं नाही. रोजची गोळी बाटलीतून काढून रुमालात बांधून ठेवायचे, म्हणजे बाटलीतल्या गोळ्या कमी होताना दिसाव्यात.

चौथ्या दिवशी सकाळी चहा पोटात ठरला नाही. मोरीपर्यंत जेमतेम पोचले. ओकताना डोळ्यांतून पाणी येत होतं आणि मी हसत होते. भिंतीपलीकडून शेजारीण ओरडली, "बाई, तुम्हालापण?"

"मलापण!" मी ओरडले.

आत्यांनी लिंबू कापून दिलं, हातावर मीठ ठेवलं. हे कामावर जाताना शीळ घालत गेले. तो दिवस मी फार सुखात काढला. दुसऱ्या दिवशी जेवण गेलंच नाही. पाय पिठाचे झाल्यासारखे वाटत होते. मला वाटलं, असंच असतं. तिसऱ्या दिवशी वर्गात भागाकार सांगता सांगता फळ्यावरचे आकडे खाली घसरायला लागले. खडू हातातून सुटलेला आठवतो. पुढचं आठवतं ते हेडमास्तरांच्या खोलीतलं बाक आणि यांचा पांढराफटक चेहरा.

दुपारच्या गाडीनं यांनी मला पुण्याला नेलं. डॉक्टरीणबाईंनी रक्तदाब घेतला, पुन्हा घेतला, आणि सरळ विचारलं, "गोळ्या घेताय ना?"

मी पदर सारखा केला.

"बाई, मी तुम्हाला विचारतेय."

"सहा दिवस नाही घेतल्या."

यांनी माझ्याकडे वळून पाहिलं. मी सगळं सांगितलं, पहिल्या वेळचं, भाकरीचं, शेजारणीचं, बोंबलांचं. सांगताना माझं मलाच ते वेडगळ वाटत होतं. डॉक्टरीणबाईंनी सुई टोचली, सलाईन लावायला सांगितलं आणि मग माझ्या खाटेशी स्टूल ओढून बसल्या.

"ही ओकारी बाळाची नव्हती," त्या म्हणाल्या. "गोळी एकदम तोडली म्हणून तुमचं शरीर कोसळत होतं. वर्षभर गोळी घेतल्यावर त्या ग्रंथी आळसावतात. आणखी चार दिवस गेले असते तर तुम्हीच राहिला नसता, बाळाचं सोडा."

"बाळ आहे का?"

"गर्भाशय वाढलंय, महिन्याला हवं तेवढं. आज तरी आहे."

"मग मळमळ का नाही?"

"काहींना नसते. गोळीनंही कमी होत असेल, मला नक्की सांगता येणार नाही. पण नाही म्हणजे वाईट, असं मुळीच नाही."

दुसऱ्या दिवशी परतीच्या गाडीत तळेगाव मागे पडलं. तेव्हा हे खिडकीबाहेर बघत म्हणाले, "मला सांगायचं होतंस. दोघं मिळून घाबरलो असतो."

त्या रात्रीपासून गोळी हे स्वतः द्यायचे आणि मी गिळेपर्यंत समोर उभे राहायचे. दोन दिवसांत ओकारी पार गेली. मन मात्र शांत झालं नाही. आता तर माझ्याच हातून काही बिघडलं असेल, ही नवी भीती होती. एकदा जेवताना हात थांबला आणि मी रडायला लागले, तेव्हा आत्यांनी विचारलं, "आता का रडतीस?"

"भूक लागते म्हणून."

कारण ऐकून त्यांनी मला आणखी भात वाढला. "मला पाच पोरं झाली. एकाबी पोराच्या येळी वकारी न्हाई आली."

मी ताट बाजूला सारलं. "आत्या, मग हे आधी का नाही सांगितलंत?"

"तू इचारलंस कुटं?" त्या म्हणाल्या. "लिंबू दिलं की, तुला हौस व्हती म्हून."

मला राग आला आणि हसूही आलं. त्या दिवशी मी पोटभर जेवले.

दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडली त्या आठवड्यात, शाळेच्या अंगणात कवायतीची रांग लावत असताना पोटात आत काहीतरी सरकलं. वाऱ्याचा गोळा असेल म्हणून सोडून दिलं. थोड्या वेळानं पुन्हा. मुलींना "सावधान" म्हटलं आणि "विश्राम" म्हणायला विसरले. त्या बिचाऱ्या तशाच ताठ उभ्या.

त्यानंतरही मी स्वस्थ होते असं नाही. हललं नाही की घाबरायचे, फार हललं की घाबरायचे. फाल्गुनात तळेगावच्या दवाखान्यात मुलगी झाली. तिथल्या डॉक्टरांना गोळीचं सगळं सांगणारी चिठ्ठी पुण्याहून आधीच आली होती, त्यामुळे कळा सुरू झाल्यावर त्यांनी आधी मला त्याच औषधाची सुई टोचली. मुलगी लहानखुरी होती आणि तिचा आवाज खणखणीत होता. आत्यांनी तिला उचलून तिची हनुवटी नीट निरखली.

दहाव्या दिवशी आम्ही स्टेशनवर जायला टांगा केला. रस्ता खड्ड्यांचा. हे टांगेवाल्याला सारखे म्हणत होते, "भाऊ, हळू घ्या." आणि मी मागून म्हणत होते, "जरा लवकर चला हो."